राजगड एका दिवसात, दोघांनी: कुठून चढायचं, आधी काय पाहायचं, परत कधी फिरायचं

गेल्या दिवाळीत नागपूरहून माझी भाची आणि भाचेजावई पुण्यात आमच्याकडे आले होते. एक दिवस राजगड करून येतो म्हणाले आणि गेले. संध्याकाळी पावणेसातला तिचा फोन आला, "मावशी, आम्ही खाली उतरलो, पण हे गाव वेगळंच आहे गं." गाडी लावली होती गुंजवण्याला आणि उतरले होते पाली दरवाजाने. डोंगराची एक बाजू सोडून ते दुसऱ्याच बाजूला पोचले होते. अंधार पडलेला, पाणी संपलेलं. शेवटी गावातल्या एका माणसाने जीपमधून रस्त्याने वळसा घालून त्यांना गाडीपाशी सोडलं. दिवसभर फिरून पाहिलं काय, तर पद्मावती माची (माची म्हणजे गडाच्या सोंडेवरचा तटबंदीचा भाग), अर्धी संजीवनी माची आणि बालेकिल्ल्याचा, म्हणजे गडाच्या सगळ्यांत उंच भागाचा, पायथा. बालेकिल्ला राहूनच गेला.

ही चूक त्यांची एकट्यांची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आलेली किंवा इथेच नोकरीला असलेली कितीतरी जोडपी मला राजगडाबद्दल विचारतात आणि बहुतेकांचं चुकतं ते याच तीन-चार ठिकाणी. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हा क्रम दोघांनी जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्यांसाठी आहे. गडावर मुक्काम धरून बेत आखू नका. राजगड राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तिथे दिवसा जावं आणि दिवसाच उतरावं.

१. आधी घरी बसून तीन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट म्हणजे वार. शनिवार-रविवारी बालेकिल्ल्याच्या अरुंद चढणीवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात. जमत असेल तर मधल्या वारी रजा टाका. ते जमत नसेल तर रविवारपेक्षा शनिवार बरा.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट. पुण्याहून येणाऱ्यांच्या वापरातल्या वाटा मुख्यतः दोन. एक गुंजवण्यातून चोर दरवाजाची. ही अंगावर येते, शेवटच्या टप्प्यात कड्याला धरून रेलिंगच्या आधाराने चढावं लागतं आणि माथ्यावर तो छोटासा दरवाजा वाकून पार करावा लागतो. पाठीवरची पिशवी मोठी असेल तर ती तिथे हमखास अडकते. दुसरी वाट पाल खुर्द-वाजेघर बाजूने पाली दरवाजाची. हा जुना राजमार्ग. पायऱ्या रुंद, चढ बेताचा आणि वर दरवाजा इतका भव्य की अंबारीसह हत्ती आत जाईल असं सांगतात. दोघांपैकी एकाचाही हा पहिलाच मोठा गड असेल तर पाली दरवाजाच घ्या. थरार हवा म्हणून चोर दरवाजा निवडणारे बरेचजण उतरताना पस्तावतात, कारण तीच रेलिंगची जागा उतरताना चढण्यापेक्षा अवघड वाटते. त्याशिवाय गुंजवणे दरवाजाची आणि भुतोंड्याकडून अळू दरवाजाची वाट आहे. माहितगार सोबत नसेल तर त्या वाटांना जाऊ नका.

तिसरी गोष्ट परतीच्या वेळेची आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. किती वाजता उतरायला सुरुवात करायची ते घरीच ठरवा आणि दोघांनी कबूल करा. हिवाळ्यात मी तीनची वेळ धरते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीच्या बाजूला त्याच्याही आधी अंधारून येतं. गडावर पोचल्यावर ही वेळ ठरवायला गेलात की एकाला अजून थोडं पुढे जायचं असतं, दुसऱ्याचे पाय भरून आलेले असतात आणि उगाच कुरबूर होते. घरी ठरलेली वेळ असली की वाद उरत नाही.

तपासा: ज्या वाटेने चढणार त्याच वाटेने उतरणार आणि गाडी त्याच पायथ्याशी राहणार, हे दोघांनाही तोंडपाठ आहे ना? पायथ्याच्या गावाचं नाव दोघांच्याही फोनमध्ये लिहून ठेवा. वर कुणी "पालीने सोपं पडेल" असं सांगेल आणि ते खरंही असेल, पण तुमची गाडी गुंजवण्यात उभी असेल तर ते सोपेपण तुमच्या कामाचं नाही.

ऋतूचं थोडक्यात सांगते. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. भाद्रपदात सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात ते दृश्य विसरता येत नाही, पण तेव्हा दगडांवर शेवाळ असतं. आषाढ-श्रावणात नवख्यांनी दोघांनीच जाऊ नये. धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही आणि बालेकिल्ल्याच्या ओल्या पायऱ्या फार घसरतात. एप्रिल-मे मध्ये गेलात तर अकराच्या आत बालेकिल्ला उतरलेलाच हवा.

२. पिशव्या दोन हव्यात

एकच मोठी सॅक भरायची आणि ती नवऱ्याने वाहायची, असं बरीच जोडपी करतात. माझा याला विरोध आहे. एक तर जड पिशवीने बालेकिल्ल्याच्या चढणीवर तोल मागे जातो. दुसरं म्हणजे गर्दीत दोघं पाच मिनिटं जरी वेगळे झाले तरी एकाजवळ पाणी नाही, पैसे नाहीत, काहीच नाही. म्हणून दोन छोट्या पाठपिशव्या घ्या आणि दोन्हींत हे वेगवेगळं ठेवा:

- पाणी, माणशी तीन लिटर. उन्हाळ्यात चार.
- मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएस.
- गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. वाटेत चालता चालता खायला हेच कामाला येतं.
- सुट्टे पैसे. वर सरबत-ताक विकणाऱ्या मावशींकडे पैसे फोनवरून द्यायचे म्हटलं तर नेटवर्क दगा देतं.
- टॉर्च. लवकर उतरणार असाल तरीही हवाच.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, एखादी ओढणी किंवा पंचा.

क्रेप बँडेज, बँड-एड आणि नेहमीची औषधं एका पिशवीत असली तरी चालतील. कचऱ्यासाठी एक रिकामी जाड पिशवी घ्या. पाळी चालू असेल किंवा यायची असेल तर लागणाऱ्या वस्तू आणि त्या परत आणायला वेगळी पिशवी बरोबर असू द्या. गडावर त्या टाकायला जागा नाही. महामार्गावरच्या हॉटेलात किंवा पायथ्याच्या गावात स्वच्छतागृहाला जाऊनच चढायला लागा. हे कुणी सांगत नाही आणि बायकांचे मग दिवसभर हाल होतात. त्या भीतीने पाणी कमी प्यायलं जातं आणि दुपारी डोकं धरतं.

बूट चांगले पकड असलेले आणि आधी पाच-सहा वेळा वापरलेले हवेत. नवे कोरे बूट या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आदल्या रात्री पायांची नखं कापा. उतरताना बोटं पुढे आदळतात आणि वाढलेली नखं काळीनिळी पडतात.

३. पुण्यातून निघणं

पहाटे पाच ते सव्वापाचच्या आत कात्रजच्या पुढे असावं. अंतर साठेक किलोमीटर. सातारा रस्त्याने खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडायचा, नसरापूर फाट्याला उजवीकडे वळून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं. गुंजवण्यासाठी मार्गासनीहून साखरमार्गे आत जायचं. पाल-वाजेघरची दिशाही मार्गासनीत विचारून घ्या. पेट्रोल पुण्यातच भरा. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आत गेल्यावर रेंज येते-जाते.

एसटीने जायचं तर स्वारगेटहून वेल्ह्याच्या गाड्या आहेत. मार्गासनीला उतरून पुढे वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप, पाहावं लागतं. उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारा आणि तुमची परतीची वेळ त्यावरून मागे मोजा.

न्याहारी गाडीतच उरकली तर उत्तम. घरून पोळीचा रोल, केळी किंवा दशम्या न्या. महामार्गावर मिसळीसाठी थांबलात की पाऊण तास गेलाच, शिवाय तिखट-तेलकट पोटात घेऊन चढणं जड जातं. मिसळ परतताना खा.

पायथ्याशी गाडी जिथे सांगतील तिथेच लावा, शेतात घालू नका. ज्या घरासमोर लावली त्या घरच्यांना सांगून जा, "दोघंच आहोत, पाचपर्यंत उतरू." उशीर झाला तर कुणाच्या तरी ध्यानात राहतं. जेवण परत आल्यावर हवं असेल तर तेही तेव्हाच सांगा.

४. चढण

जो हळू चालतो त्याने पुढे चालायचं. हे एवढं पाळलंत तरी अर्धा दिवस सुखाचा जाईल. नेहमी उलटं होतं. दमदार माणूस पुढे जातो, वळणावर बसून वाट पाहतो, मागचा धापा टाकत पोचला की हा ताजातवाना उठून चालू लागतो. मागच्याला विसावा मिळतच नाही.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं उभ्यानेच थांबा. तहान लागण्याची वाट न पाहता दोन-दोन घोट पाणी घ्या. पालीच्या वाटेने दीड-दोन तास, चोर दरवाजाने दोन-अडीच तास धरा.

सावध: बोलता येत नाही इतकी धाप, छातीत दडपण, मळमळ किंवा घाम येऊनही अंगावर काटा, यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसा, सावलीत जा आणि बरं वाटलं तरी वर न जाता खाली उतरा. ११२ ला फोन लागला तर लावा. नाही तर वाटेतल्या गावकऱ्यांना सांगा. इथली माणसं धावून येतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

५. पद्मावती माची: पाऊण तास, जास्त नाही

वर पोचल्यावर पद्मावती माची लागते. तीन माच्यांपैकी ही सगळ्यांत सपाट आणि ऐसपैस. पद्मावती देवीचं देऊळ, तळं, रामेश्वराचं देऊळ, सदर आणि राजवाड्याचे अवशेष, शिवाय शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांची समाधी. १६५९ साली याच गडावर त्या गेल्या. समाधी साधी आहे आणि घाईत लोक तिच्या बाजूने बोलत निघून जातात. दोघांनी दोन मिनिटं तिथे गप्प उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

इथे होणारी चूक म्हणजे बैठक मारणं. देवळापाशी सावली असते, ताक-सरबत मिळतं आणि बघता बघता साडेदहा होतात. माचीचा उरलेला भाग परतताना पाहता येतो. आता सरबत घ्या, बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधा आणि निघा.

तपासा: किती पाणी उरलं? निम्म्याहून कमी असेल तर इथेच सोय करा. तळ्याचं पाणी पिऊ नका. कातळात खोदलेल्या टाक्यातलं घ्यायचंच असेल तर गाळून आणि शुद्धीकरणाची गोळी टाकून घ्या.

६. बालेकिल्ला सगळ्यांत आधी

आधी माच्या आणि शेवटी बालेकिल्ला, हा क्रम जवळपास सगळे धरतात आणि तिथेच फसतात. दुपारी पाय थकलेले असताना गडावरची सगळ्यांत अवघड चढण समोर येते. सकाळी उन्हाचा जोर आणि गर्दी दोन्ही कमी असतात. शिवाय वरून तिन्ही माच्या नकाशासारख्या पायाशी पसरलेल्या दिसतात, त्यामुळे पुढे कुठे जायचं ते डोळ्यांनी पाहून ठरवता येतं.

चढण कातळातली, पायऱ्या कोरलेल्या आणि बाजूला रेलिंग. अर्धा-पाऊण तास लागतो. पद्धत अशी:

पिशवीचे पट्टे आवळा, काहीही लोंबतं ठेवू नका. फोन खिशात बंद करून टाका. एका वेळी एकानेच हलायचं. एक जण पुढची पक्की जागा गाठून "ये" म्हणेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. हात देऊन ओढू नका. दोघांचा तोल एकदम जातो. मागच्याने पुढच्याला "उजवा पाय थोडा वर, तिथे खाच आहे" असं नुसतं सांगावं. रेलिंगवर सगळा भार टाकण्याऐवजी दगडालाही धरा.

माझी भाची पुढच्या खेपेला माझ्यासोबत आली तेव्हा याच चढणीत मध्यावर खाली बसली. दोन्ही तळवे दगडावर टेकलेले, नजर दरीत. "मावशी, मला वरही जाता येत नाही आणि खालीही." मी तिच्या खालच्या पायरीवर उभी राहिले, म्हणजे तिला दरीऐवजी मी दिसेन. तिला म्हटलं, फक्त हाताखालचा दगड बघ. काळा, खडबडीत, बारीक भोकांचा दगड, सकाळच्या उन्हाने एका बाजूने कोमट. तिने बोटांनी तो चाचपला, दोन-तीनदा खोल श्वास घेतला आणि पाच मिनिटांनी आपली आपण उठली. कुणी असं थिजलं तर घाई करू नका, "काही होत नाही" असं म्हणत राहू नका. दरीकडची नजर तोडा, वेळ द्या. तरीही जमत नसेल तर परत फिरा. त्यात काही कमीपणा नाही.

चढण संपली की महादरवाजा. त्यावर कमळ आणि स्वस्तिक कोरलेलं आहे, मान वर करून शोधा. आत जननीचं देऊळ, पुढे चंद्रतळं आणि तळ्यासमोरच्या उत्तर बुरुजावरून खाली सगळी पद्मावती माची. पश्चिमेला तोरणा. बुरुजाखालून दिसणाऱ्या जुन्या पाऊलवाटेने उतरायचा प्रयत्न करू नका, ती दगड टाकून बंद केलेली आहे. आला त्याच वाटेने उतरायचं, अवघड टप्प्यात दगडाकडे तोंड करून.

सावध: कड्यांत आग्या मोहोळ असू शकतं. त्या दिवशी अत्तर-परफ्यूम लावू नका, आरडाओरडा नको, धूर तर अजिबात नको. माश्या उठल्या तर हात झटकू नका, ओढणीने डोकं-तोंड झाकून तिथून दूर व्हा. पिशवीतला पंचा त्यासाठीच आहे.

आणखी एक, आणि हे जोडप्यांनाच सांगते. भिंतीवर नावं आणि बदाम कोरू नका. संरक्षित स्मारकावर असं करणं गुन्हा आहेच, पण साडेतीनशे वर्षं उभा असलेला दगड तुमच्या किल्लीने खरवडला की तो कुणालाही पूर्ववत करता येत नाही. मला ते ओरखडे बघून दरवेळी पोटात तुटतं.

७. जेवण

बालेकिल्ला उतरल्यावर हलकं खा. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा मिळाला तर उत्तमच, पण एका भाकरीवर थांबा. भरपेट जेवण पायथ्याला परतल्यावर. अर्धा तास पुरे.

८. आता एकच माची

तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात पूर्ण करू म्हणणाऱ्यांचं शेवटी एकही नीट पाहून होत नाही. घड्याळ बघा. बारा वाजले नसतील आणि दोघांचेही पाय चांगले असतील तर संजीवनी. बारा उलटून गेले असतील किंवा एकाचेही गुडघे बोलत असतील तर सुवेळा, तीही नेढ्यापर्यंतच.

सुवेळा माची पूर्वेला. बालेकिल्ल्याच्या बाजूने वाट जाते, पुढे ती अरुंद होते आणि मग कातळाला आरपार पडलेलं भोक दिसतं, तेच नेढं. आत चढून बसलं की वाऱ्याचा जो झोत येतो त्याने टोपी उडते, ती आधीच पिशवीत घाला. चढायचा टप्पा छोटा पण हातापायांचा आहे. दगड ओला असेल तर खालूनच पाहा. जाऊन-येऊन दीड-दोन तास.

संजीवनी पश्चिमेला, सुमारे अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली. टोकापर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास आणि वाटेत सावली जवळजवळ नाही. पण मला विचाराल तर राजगडाचं खरं बांधकाम इथे आहे. तटाला दुहेरी भिंत आहे, बाहेरची आणि आतली, आणि दोन्हींमध्ये माणूस चालेल इतकी बोळ. बुरुजही तसेच चिलखती, एकाच्या पोटात दुसरा. बाहेरची भिंत शत्रूने पाडली तरी तो आतल्या भिंतीसमोर अरुंद जागेत कोंडला जाणार, हा त्यातला विचार. त्या बोळीत उतरून उभं राहिलं की वरचं ऊन एकदम तुटतं, दोन्ही खांद्यांजवळ गार दगड येतो आणि वाऱ्याचा आवाजही थांबतो. घाईघाईत तटावरून चालत टोक गाठणाऱ्यांना हे दिसतच नाही. टोकाला पोचायचा हट्ट सोडा. पहिल्या दोन टप्प्यांतले बुरूज उतरून पाहा, तेवढं पुष्कळ आहे.

सावध: तटाच्या कडेवर बसून किंवा मागे मागे सरकत फोटो काढू नका. फोटो काढणाऱ्याची जबाबदारी दुप्पट, कारण समोरच्याचं लक्ष तुमच्याकडे असतं. आधी पाय रोवून उभे राहा, मग फोन बाहेर काढा.

तपासा: ठरलेल्या परतीच्या वेळेआधी एक तास उरला की जिथे असाल तिथून मागे फिरा. पुढचा बुरूज कितीही जवळ दिसत असला तरी.

९. उतरताना

पद्मावती माचीवर येऊन पाणी प्या, नाड्या पुन्हा आवळा, या वेळी घोट्याजवळ जास्त घट्ट. कचऱ्याची पिशवी तपासा, आणलेल्या बाटल्या मोजा. मग दरवाजा नीट ओळखा. पाली की चोर? फोनमध्ये लिहिलेलं गाव पुन्हा वाचा आणि पहिल्या वळणावर भेटेल त्याला विचारा, "ही वाट कुठल्या गावात उतरते?" भाचीने हा एक प्रश्न विचारला असता तर तिची ती संध्याकाळ वाचली असती.

उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. पळत उतरू नका. बारीक मुरुमावर पाय घसरतो आणि घोटा मुरगळतो. मुरगळलाच तर बूट काढू नका, सूज आली की पुन्हा घालता येत नाही. बुटावरूनच बँडेज बांधा, दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्या आणि सावकाश उतरा. इथेही हळू चालणाऱ्यानेच पुढे.

खाली आलात की सकाळी ज्यांना सांगून गेला होता त्यांना "उतरलो" म्हणून सांगा. गाडी चालवणाऱ्याने हातपाय धुऊन, चहा घेऊन, किमान अर्धा तास बसावं. नसरापूर फाट्यापासून पुढे संध्याकाळी महामार्गावर गाड्यांची रांग असते आणि पहाटे चारला उठलेल्या माणसाला तिथेच डुलकी येते. दोघांनाही चालवता येत असेल तर कात्रजपर्यंत अदलाबदल करा.